चादरवालीतली कोरी पानं

रविवार, आमच्या गावची, संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरचा पहिला. सकाळचा चहा झाल्यावर.

हजर: काकू, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दादा, माझा सख्खा मोठा भाऊ. शेजारची अक्का, बोलावलेलं नसताना. आणि मी. फोनवर हजर: ताई, काकूची मुलगी, पुण्याहून, अधूनमधून. गैरहजर: काका. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण ज्या कामासाठी आम्ही जमलो होतो ते सगळं त्यांच्या हातचं होतं, म्हणून त्यांची नोंद करते.

काम: काकूच्या पुस्तकांच्या तीन वाटण्या. पुण्याला न्यायची, आमच्यात वाटून घ्यायची आणि रद्दीत द्यायची. पाडव्याच्या आधी काकू कायमची ताईकडे चालली आहे. तिच्या उजव्या डोळ्यात मधोमध डाग पडला आहे. समोरच्याचं तोंड दिसत नाही, कान तेवढे दिसतात, असं ती सांगते. आता डाव्यातही सुरू झालंय. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं देतात, ती ताईच्या घराजवळच मिळतात. आहे ती नजर टिकली तर टिकेल, गेलेली परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ताईच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांसाठी एक फळी रिकामी केली आहे. एकच.

मी तीन कोरे कागद, तीन रंगांची पेनं आणि सुतळीचं बंडल घेऊन गेले होते. जेवणाच्या आत उरकेल असा अंदाज होता.

"आली बघा मामलेदारीण," दादा म्हणाला. "काकू, ऊठ, नाहीतर तुझंपण नाव लिहील एखाद्या कागदावर."

"लिहू दे की," काकू म्हणाली. "फक्त रद्दीत नको घालू म्हणावं."

मी नावं लिहायला बसले आणि पहिल्याच पुस्तकाला अडले. कारण आमच्या त्या एकत्र घरात कादंबऱ्या नावानं ओळखल्याच जात नव्हत्या. काका बाइंडर होते. आठवडाभर प्रेसमध्ये शाळांची रजिस्टरं आणि दुकानांच्या वह्या बांधायचे. रविवारी रद्दीवाल्याकडून उचललेल्या कादंबऱ्या घेऊन ओसरीवर बसायचे. बहुतेकांना पुठ्ठा नसायचा, पहिली दोन-चार पानं गेलेली असायची, कधी लेखकाचं नावही त्यांच्याबरोबर गेलेलं असायचं. काका त्या पुन्हा शिवायचे, खळ लावायचे आणि वरून घरात जे कापड निघेल ते चढवायचे. माझा चौथीतला निळा स्कर्ट एका कादंबरीवर गेला. ती निळी. काकूच्या जुन्या परकराची परकरवाली. पुढच्या खोलीचा फुलाफुलांचा पडदा विरला, त्याची पडदेवाली. काकांचा रेघारेघांचा शर्ट कोपरात फाटला, त्याची शर्टवाली. आणि आपल्या गावात जिला तोटा नाही त्या चादरीचा, लाल-काळ्या नक्षीचा एक तुकडा होता, त्याची चादरवाली.

मला अजून दुकानात एखाद्या गाजलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती दिसली की क्षणभर चुकल्यासारखं होतं. वाटतं, ही तर आपली परकरवाली, हिला हे भलतंच कव्हर कुणी घातलं?

वाचायची पद्धतही निराळी होती. पुस्तक शिवण्याआधी सुटं असतं. एका मोठ्या छापील कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांची जुडी होते, तिला फर्मा म्हणतात. काका उसवलेली कादंबरी लगेच शिवत नसत. फर्म्यांची चळत कपाटावर ठेवायची आणि घरातल्या सगळ्यांनी ओळीनं वाचायची. पहिला फर्मा संपला की तो पुढच्याच्या हातात द्यायचा आणि आपण दुसरा उचलायचा. म्हणजे एकच कादंबरी पाच जण एकाच आठवड्यात वाचत असू, प्रत्येक जण तिच्यात वेगळ्या ठिकाणी. जेवताना पुढच्या गोष्टी बोलायला बंदी होती. "तुमचा कितवा?" एवढंच विचारायचं. सगळ्यांचं झाल्यावर काका ओसरीवरून आवाज द्यायचे, "झालं का? टाके घालू?" आणि नेहमी स्वयंपाकघरातून काकूचं उत्तर यायचं, "थांबा की, माझा पाचवाच चाललाय."

दादा शेवटचा फर्मा आधी चोरून वाचायचा. त्यामुळे कुठल्याही कादंबरीत कोण मरणार हे त्याच्या तोंडावर दिसायचं. माझा जीव जडलेलं एखादं माणूस असेल आणि दादा जेवताना मला जास्तीची शेंगाचटणी वाढायला लागला, की समजायचं, ते काही वाचत नाही.

काकू दुपारी आपला फर्मा मोठ्यानं वाचायची, कारण ओसरीवर अक्का विड्या वळायला बसलेली असायची. अक्का तेलुगू घरातली. नवरा मागावर, ती विड्यांवर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्री आणि कापलेली पानं. हात चालू, कान काकूकडे. आमच्या सगळ्या कादंबऱ्या तिनं ऐकलेल्या आहेत. तिची तक्रार कायम एकच असायची. त्या रविवारीही ती दाराशी बसून तेच म्हणाली.

"वदिना, तुमच्या बुकात मानसं रडत्यात लई, पन जेवत न्हाईत." वदिना म्हणजे वहिनी, काकूला ती तसंच हाक मारते. "ती बाई तीन दिवस नुसती खिडकीत उभी. कुनी इचारलं, जेवलीस का?"

आता वाटतं, समीक्षा म्हणून हे वाईट नाही. तेव्हापासून कुठलीही कादंबरी वाचताना चूल कधी पेटते याकडे माझं लक्ष असतं. जिच्यात ती वेळेवर पेटते तिच्यावर माझा विश्वास बसतो.

एकेक पुस्तक मी काकूच्या हातात देत गेले. तिला वरची नक्षी दिसत नव्हती. ती कापडावरून अंगठा फिरवायची आणि सांगायची. "ही निळी. ही ठेव तुझ्याकडं." निळीत गावातून शहरात शिकायला आलेला मुलगा आहे. भेटायला आलेल्या बापाची त्याला मित्रांसमोर लाज वाटते. पंधराव्या वर्षी मी मुलाच्या बाजूनं होते. बापानं निदान धोतर तरी स्वच्छ नेसून यावं, असं मला मनापासून वाटलं होतं. आता माझा मुलगा बंगळुरात आहे. गेल्या वर्षी निळी पुन्हा काढली, तर मुलाच्या पानांवर डोळा ठरेना. बाप रात्रीच्या गाडीनं परत गेला तेव्हा त्याच्या पिशवीत भाकरी होती की नाही, तेच शोधत बसले.

पडदेवाली परदेशातली, जाडजूड, मराठीत आणलेली. सगळीकडे बर्फ, आणि एकेका माणसाला तीन-तीन नावं. काकांनी पहिल्या पानावर लांब पट्टी चिकटवून सगळी नावं लिहून ठेवली होती. ती पट्टी बाहेर ओढून ठेवायची आणि वाचायचं. मी ती भर वैशाखात, खिडकीला ओलं पोतं लावून वाचली.

"एवढं बर्फ," दादा तेव्हाही म्हणायचा आणि आताही म्हणाला, "आणि आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी."

ताडपत्रीचं कव्हर चढवलेली ऐतिहासिक कादंबरी दादाला गेली, त्यात वाद नव्हता. तिच्यातली लढायांची पानं तेलकट आणि मऊ झाली आहेत, प्रेमाची पानं कोरी करकरीत.

"याचं लग्न का उशिरा झालं ते हितं बघा," काकू म्हणाली.

शर्टवाली मी स्वतःहून मागून घेतली. तिच्यात काहीच घडत नाही. एक माणूस कचेरीत जातो, येतो, दर सोमवारी टेबलाचे खण आवरतो. कॉलेजात असताना मी ती अर्ध्यात ठेवून दिली होती, नवे लेखक म्हणजे असलंच, असा शेरा मारून. नोकरीत पंचवीस वर्षं काढल्यावर एका सुट्टीत सहज उघडली आणि चहा गार झाला. त्या माणसाचे खण आवरणं मला आता कंटाळवाणं वाटत नाही. खणात काय काय निघतं ते लेखकानं नीट पाहिलंय. मीही सोमवारीच आवरते.

असं करत चादरवाली हातात आली. काकूनं अंगठाही न फिरवता ओळखली. वासानं असेल, किंवा वजनानं. "ही पुण्याला," ती म्हणाली आणि मांडीवर ठेवून घेतली.

चादरवालीबद्दल जरा सांगायला हवं. तिच्यात एका मोठ्या घरातली थोरली सून भर उन्हाळ्यात भांडून घर सोडून निघते. त्या क्षणाला फर्मा संपतो. पुस्तक रद्दीतून आलं तेव्हाच पुढचा फर्मा त्यात नव्हता. त्याच्या पुढच्या फर्म्यात सून घरात आहे, विहिरीवर पाणी भरते आहे आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ती का परत आली हे त्या गेलेल्या सोळा पानांत आहे. काकांनी गाळलेल्या जागी सोळा कोरी पानं शिवली. नेहमीच्या पांढऱ्या दोऱ्यानं नाही, लाल दोऱ्यानं, वेगळे टाके घालून आणि गाठ बाहेर ठेवून. म्हणजे पुढेमागे फर्मा मिळाला तर बाकीच्या पुस्तकाला धक्का न लावता तेवढाच बदलता येईल. तो मिळाला नाही. ती कादंबरी तेव्हा बाजारातूनच गेलेली होती.

पण घरात कुणाचं अडलं नाही, कारण काकूनं ती लग्नाआधी बार्शीला शाळेच्या वाचनालयातून अख्खी वाचली होती. कोऱ्या पानांशी पोचलं की स्वयंपाकघरात जायचं. काकू विचारायची, "आलीस का कोऱ्या पानांशी? बस." आणि हातातलं काम न सोडता ती सोळा पानं सांगायची. आमच्या घरात वयात येण्याचा हा एक टप्पाच होता.

मी बारा वर्षांची असताना पोचले. तेव्हा माझी आई माहेरी, मैंदर्गीला होती. आजी आजारी आहे असं आम्हा मुलांना सांगितलं होतं. मोठी माणसं आपसात बोलताना आवाज उतरवून निराळं काही बोलायची. शाळेचं एक सत्र संपत आलं तरी ती आली नव्हती आणि माझ्या वेण्या काकूच घालत होती. वेणी घालता घालताच तिनं सांगितलं: सून तालुक्याच्या रस्त्याला लागली, आणि मग तिला आठवलं की उद्या सोमवार, लेकीच्या वेण्या कोण घालणार. ती उलट फिरली. बस, एवढंच.

मला ते पूर्ण पटलं. फक्त पुढचे सगळे फर्मे वाचून झाल्यावर मी तक्रार घेऊन गेले की त्या सुनेला लेक आहे असं पुस्तकात कुठंच येत नाही.

"असते की," काकू म्हणाली. "आत खेळत असते."

दिवाळीच्या आधी आई परत आली. त्यानंतर मी हा मुद्दा काढला नाही.

हे मी त्या रविवारी सगळ्यांना सांगितलं, पुस्तक काकूच्या मांडीवर असल्यामुळे, सहज. दादा माझ्याकडे बघत राहिला.

"कसल्या वेण्या?" तो म्हणाला. "तिला मोटारच मिळाली नाही."

"कुणाची?"

"सुनेची. दिवसभर फाट्यावर बसली, मोटार आलीच नाही, म्हणून घरी आली. कुणी काही विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. काकू म्हणाली होती, यात लाजण्यासारखं काय हाय, माणूस परत येतं." मग जोडलं, "मी दहावीला आपटलो होतो तेव्हा."

मी ताईला फोन लावून स्पीकरवर टाकला. ती गाडीत होती. प्रश्न ऐकून हसली. "अगं, ती परत आलीच मुळी अट घालून. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, सगळ्यांदेखत अट सांगितली, कबूल झाल्यावर आत पाऊल टाकलं. मी त्याच जोरावर तर बाबांना म्हटलं, अकरावीला मला बाहेर पाठवा, नाहीतर मी शिकतच नाही."

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं एकदा धरलं की घरात ती कुणी कुणाला सांगत नाही. आम्ही तिघं पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आलो, तोवर तीन वेगळ्या सुना सांभाळत होतो.

"काकू," दादा म्हणाला, "लई भारी हं. तिघांना तीन टोप्या."

"मग काय करू?" काकू जराही शरमली नाही. "तुमी तीन तोंडं घिऊन यायचा."

"बरं, खरं काय ते सांग आता."

काकू पुस्तकाच्या पाठीवर बोटं फिरवत राहिली. मग दादा उठला आणि आपल्या पिशवीतून एक पुडकं घेऊन आला. तिला जाताना द्यायचं म्हणून त्यानं आणलं होतं, पण आता त्याला राहवेना. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चादरवालीची नवी आवृत्ती. कुठल्याशा प्रकाशकानं ती पुन्हा काढली होती, दादानं फोनवरून मागवली. मुखपृष्ठावर एक खुर्ची होती. खुर्ची का, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. त्यानं प्लास्टिक फाडलं, पुस्तक चाळून ती जागा शोधली आणि चष्मा लावला.

"ऐका. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको," काकू म्हणाली.

"अगं, सोळाच पानं आहेत."

"नको म्हनलं की." तिनं हात पुढे करून त्याच्या पुस्तकावर ठेवला. "मला कानानं नको. कानानं घेतलं की मी त्याची गोष्ट करते. जन्मभर तेच केलं. डोळ्यांनी वाचलेलं कागदावर जिथल्या तिथं राहतं."

मग तिनं सांगितलं ते मी शक्य तितकं तिच्याच शब्दांत लिहिते. मॅट्रिकच्या वर्षी, माळ्यावर बसून तिनं ती पानं वाचली. एकदा वाचली, मागे जाऊन पुन्हा वाचली. "मला लई पटलं होतं. मनात म्हटलं, व्हय, असंच करावं. माझ्यावर वेळ आली तर मीबी असंच करीन. मग लग्न होऊन हितं आले. वेळ काय एकदा येते व्हय? लई येळा आली. दर येळेला आठवायला बसायचे, ती कशासाठी फिरली माघारी. आठवतच न्हाई. पटलं होतं, एवढंच आठवतं. काय पटलं होतं तेच गेलं." आणि थोड्या वेळानं, "तुमाला सांगताना वाटायचं, सांगता सांगता खरं तोंडात येईल. न्हाई आलं."

फोनवर ताईच्या गाडीचा आवाज बंद झाला. गाडी बाजूला घेतली असावी.

इतकी वर्षं काकूनं ते पुस्तक कधी मागितलं नाही, आणि आमच्याकडे आमची आमची उत्तरं असल्यामुळे आम्हाला ते शोधावंसं वाटलं नाही. आता पुस्तक होतं आणि डोळे जात चालले होते. मी पेन ठेवलं. यादी करून हे होणार नव्हतं, पण सोय करून झालं असतं.

पहिली सोय: भिंग. नवी आवृत्ती बारीक टायपातली. भिंगाखाली तिला अक्षरांच्या मुंग्या दिसल्या. दुसरी, ताईनं सुचवलेली: टॅबवर अक्षर मोठं करून. दादाच्या मुलीचा टॅब मागवला. पडद्याच्या उजेडानं डाग लखलखायला लागला, तिनं डोळे मिटून घेतले. तिसरी: वर्तमानपत्राचा मथळा. तो तिनं मान तिरकी करून, डाव्या डोळ्याच्या कडेनं, सावकाश वाचला. जाड, काळा, पिवळसर कागदावर. म्हणजे एवढं अक्षर चालत होतं.

दादानं माझा रद्दीच्या यादीचा कागद ओढला. तो कोराच होता, रद्दीत काहीच गेलं नव्हतं. त्यावर जाड मार्करनं काहीतरी लिहून काकूसमोर धरला. तिनं मान वळवून वाचलं.

"'चहा टाक,'" ती म्हणाली. "तूच टाक की."

म्हणजे ठरलं. ती सोळा पानं मोठ्या अक्षरात उतरवून काढायची. माझं अक्षर घरात सगळ्यात बरं आणि सुटं, म्हणून मी. काकांची कोरी पानं कशासाठी थांबली होती ते आता सुचलं. पण नुसतं बघूनच कळत होतं की मथळ्याच्या अक्षरात ती पुरणार नाहीत. एक छापील पान उतरवायलाच काकांची बरीचशी पानं खर्ची पडली असती.

"फर्मे वाढवा की," काकू म्हणाली. "त्याला काय."

"शिवणार कोण?"

"मी. दोरा मेणवायला, टाके धरायला दर रविवारी कोन बसायचं त्यांच्याजवळ? त्याला डोळे कशाला लागतात."

तिनं चादरवाली उघडली, मधली घडी बोटांनी चाचपली आणि बाहेर ठेवलेली लाल गाठ शोधून काढली. काकांनी ठेवली होती तशीच होती. दादानं कात्री पुढे केली, ती तिनं बाजूला सारली आणि नखानं गाठ सोडवली. दोरा पूर्ण निघाला, कोरा फर्मा अलगद हातात आला आणि बाकी पुस्तक जागचं हललं नाही. मी लहानपणापासून त्या लाल टाक्यांकडे पाहत आले होते. त्यांचा उपयोग पहिल्यांदाच पाहिला.

दुपारी जेवणं झाल्यावर मी लिहायला बसले. काकूची ताकीद होती: "शब्द बघून शब्द लिही. वाचू नको."

"न वाचता कसं लिहू?"

"मग वाच, पन तोंडावर दाखवू नको. ह्या दादासारखं."

पहिलं छापील पान उतरवायला दुपार गेली. त्यात ना वेण्या होत्या, ना मोटार, ना अट. सून रस्त्यानं चालली आहे आणि तिच्या वहाणेचा अंगठा तुटतो. ती बाभळीखाली बसून तो सांधायला काटा शोधते. सगळं पान त्या काट्याच्या शोधातच जातं. मी कागद एकेक करून काकूकडे देत होते. ती दाराच्या उजेडात, मान तिरकी करून, ओठ हलवत वाचत होती. तिचा एकेक कागद वाचून होईतो मी एक कप चहा प्याले असते. अक्का सूप न घेताच समोर बसली होती, सवयीनं.

तिसऱ्या की चौथ्या कागदावर काकू एकदम थांबली.

"वहाण तुटली होती!" ती म्हणाली. "व्हय की गं. वहाणच तुटली होती तिची." आणि हसायला लागली, अशी की अक्काही काही न कळता हसली. "मी माळ्यावर बसून माझी चप्पल बघितली होती तेव्हा. आठवलं बघ."

"पुढचं आठवलं?" दादानं विचारलं.

"न्हाई. गप बस. ती लिहितीय."

"वदिना," अक्का म्हणाली, "भर उन्हात चालली, जेवून तरी निघाली का?"

"ते आधीच्या फर्म्यात हाय," काकू म्हणाली. "न्हाई जेवली. भांडून निघाल्यावर कोन जेवतं?"

त्यानंतरचे रविवार मी काकूकडे जाते आहे. मधल्या दिवसांत घरी बसून उतरवते. नवीन पुस्तकाच्या पानावर एक पोस्टकार्ड ठेवते आणि ओळ संपली की खाली सरकवते, म्हणजे डोळा पुढे पळत नाही. मला पुढचं पाहायचा मोह होतो. दादाला मी याच सवयीवरून आयुष्यभर बोलले आहे, त्यामुळे अवघड आहे. सून अजून बाभळीपासून फार लांब गेलेली नाही. काटा मिळाला, वहाण सांधली, समोरून एक म्हातारी येते आहे. काकू तिथवर वाचून बसली आहे. गेल्या रविवारी तिला एका कागदाला आधीपेक्षा जास्त वेळ लागला. तिनं तो दाराच्या आणखी जवळ नेला, मग ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. मी मार्कर बदलून त्याहून जाड आणला आहे. त्यामुळे कागद आणखी वाढणार.

आवराआवरीचं बाकी सगळं झालं. पुस्तकं वाटून झाली, माझी आणि दादाची गठ्ठे बांधून गेली. पुण्याच्या फळीवरची एका खोक्यात आहेत, खोक्यावर ताईचा पत्ता लिहिला आहे. तिकीट काढलं आहे. गॅसची नळी, विजेचं बिल, दुधवाला, सगळ्यांवर टिक झाली.

राहिलं आहे ते असं. लाल दोरा मेणवून काकूच्या पिशवीत ठेवला आहे, दाभण त्याच्याबरोबर. चादरवाली मधोमध सुटी, रुमालात बांधून, खोक्याच्या बाहेर. आणि तिचे नवे फर्मे माझ्या टेबलावर, घड्या घालून, ओळीनं लावलेले. वरचे थोडे लिहून झालेत. खालचे सगळे कोरे आहेत.